नाव घातलेली भांडी : चिपळूण ते वेंगुर्ले

कोकणात 'जुन्या वस्तू मिळतील' अशी पाटी सहसा कुठे लागलेली नसते. वस्तू मात्र भरपूर असतात. भंगारवाल्याच्या शेडमध्ये, जुन्या लाकडाच्या वखारीत, भांड्यांच्या दुकानात मागच्या खोलीतल्या मोडीच्या ढिगात, रद्दीवाल्याकडे त्या सापडतात. आठवडी बाजाराच्या अगदी कडेला, जिथे भाजीवाले संपतात आणि कोणी म्हातारं माणूस गोणपाटावर चार जिनसा मांडून बसतं, तिथेही सापडतात.

या जिनसा येतात कुठून, याची कारणं रस्त्याने जाताना दिसत राहतात. मुंबई-गोवा महामार्गाच्या चौपदरीकरणात रस्त्याकडेची कित्येक जुनी घरं गेली. जून २०२० मधल्या निसर्ग वादळाने आणि मे २०२१ मधल्या तौक्तेने छपरं उडवली, तेव्हा पुष्कळांनी कौलं उतरवून पत्रे घातले. चार भावांच्या वाटणीतलं घर मोडून स्लॅबचं होतं आणि माळ्यावरचं सामान खाली येतं. ते ठेवायला मुंबईच्या खोलीत जागा नसते. मग टेम्पो येतो आणि तीन पिढ्यांचा संसार किलोच्या भावाने काट्यावर चढतो. मला हे बघवत नाही. म्हणून शिमगा आटोपल्यावर, घरं शाकारायच्या आणि मोडायच्या दिवसांत, मी आणि मावशी चिपळूणपासून खाली निघालो.

मावशी देवगडकडची. लग्न होऊन ठाण्याला आली तरी तिची मालवणी तशीच्या तशी आहे आणि भांड्यांचं तिचं ज्ञान माझ्याहून फार पुढचं. माझ्या पिशवीत लोहचुंबक, मऊ फडकं आणि एक वही. वही सगळ्यात महत्त्वाची, कारण मी शोधते ती नाव घातलेली भांडी. ठिपक्याठिपक्यांनी कोरलेली ती अक्षरं तुमच्याही घरात असतील. कुणी, कुणाला, कशानिमित्त आणि कधी दिलं, एवढं सगळं त्या ओळीत असतं. नाव वाचायचं, विकणाऱ्याला विचारायचं, तो सांगेल ते लिहून घ्यायचं. हकीकत मिळाली नाही तर वस्तू कितीही सुंदर असो, मी सहसा तिथेच सोडते.

रविवार, चिपळूण

बाजारपेठेपासून जरा बाहेर एक मोठी शेड आहे. रविवार असूनही उघडी होती. दारातच एक सागवानी फडताळ उभं होतं, दोन झडपांचं, पितळी कड्यांचं. त्याच्या अंगावर माझ्या छातीच्या उंचीला एक आडवी फिकट रेघ होती. रेघेच्या खाली लाकूड करडं आणि वर तेलकट तपकिरी.

२२ जुलै २०२१ चं पाणी. वाशिष्ठी आणि शिवनदी एकदम चढल्या त्या दिवसाची ही रेघ. शेडवाले काका सांगत होते, त्यानंतर कित्येक महिने त्यांच्याकडे फक्त पुराचं सामान येत होतं. प्लायवूडची कपाटं फुगून फुटली, ती कुणालाच नको होती. सागाचं आणि फणसाचं सामान लोकांनी चिखल धुऊन, सावलीत वाळवून परत भिंतीला लावलं. जी घरं पुढे सोडायचं ठरलं, त्यांचंच हे आता येतंय. "ही रेघ पॉलिशवाला अर्ध्या दिवसात काढून देईल," काका म्हणाले. मी त्यांना कळकळीने सांगितलं की कुणीही घेतलं तरी रेघ काढू नका म्हणून सांगा. त्या फडताळाची तीच तर ओळख आहे.

फडताळ काही आम्हाला नेता येण्याजोगं नव्हतं. त्याच्या खालच्या कप्प्यात मात्र मावशीचा हात गेला आणि एक पितळी पेला निघाला. काठाला बारीक अक्षरं : 'चि. ... याचे मुंजीत भिक्षावळ', आणि पुढे तारीख, १९५८ च्या मे महिन्यातली. नाव इथे देत नाही, आडनाव त्या भागात अजून नांदतंय. मुंजीत मुलाच्या झोळीत घातलेला पेला तो. काकांनी घर सांगितलं, मी लिहून घेतलं, आणि पेला साडेतीनशे रुपयांना पिशवीत आला.

संध्याकाळी लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिरात डोकावलो. १८६४ सालचं हे वाचनालय. पुरात इथली हजारो पुस्तकं भिजून गेली आणि पुढे ठिकठिकाणच्या लोकांनी आपल्या घरातली पुस्तकं पाठवली. वापरलेली, पहिल्या पानावर नावं असलेली पुस्तकं कपाटात बघताना मला फार बरं वाटलं. दुसऱ्याच्या हातून आलेली वस्तू म्हणजे कमी प्रतीची, ही समजूत कुठून आली कोण जाणे.

सोमवार, रत्नागिरी

रत्नागिरीत जुनं कोरीव लाकूड दिसलं की थिबा राजाचं नाव निघायला वेळ लागत नाही. ब्रह्मदेशाच्या या शेवटच्या राजाला इंग्रजांनी पदच्युत केलं, १८८६ मध्ये रत्नागिरीत आणून ठेवलं, त्याच्यासाठी बांधलेला राजवाडा १९१० मध्ये पुरा झाला आणि १९१६ मध्ये तो इथेच वारला. एवढा काळ एक राजघराणं गावात राहिलं, तेव्हा त्यांच्या वस्तू इकडेतिकडे गेल्या असणं शक्य आहे. पण सकाळी आम्हाला दाखवलेली खुर्ची त्यांतली नव्हती. पाय उलटे करून पाहिले तर आतून यंत्राने कापलेले, आणि स्क्रू चकचकीत. नुसतं ऐकीव नाव वस्तूला चिकटवलं की तिची खरी हकीकतही पुसली जाते, आणि याचं मला वाईट वाटतं. ती खुर्ची कुणा चांगल्या सुताराने केली होती. त्याचं नाव कुणी सांगितलं असतं तर मी आनंदाने ऐकलं असतं.

खरा ऐवज दुपारी सापडला. मच्छीमार्केटच्या बाजूला बोटींचं जुनं सामान विकणाऱ्याकडे दोरखंड, पितळी नट, फुटके दिवे असा ढीग होता. त्यात तळाशी एक कंदील. काजळी फडक्याने पुसली तर टाकीवर 'प्रभाकर' अशी अक्षरं उमटली. कऱ्हाडजवळच्या ओगलेवाडीचा कंदील! स्वदेशीच्या काळात ओगले बंधूंनी काचेचा कारखाना काढला आणि परदेशी कंदिलांच्या बरोबरीने हा प्रभाकर कंदील घराघरांत पोचवला. मावशीने वात वर-खाली करणारी किल्ली फिरवून पाहिली, ती अजून फिरत होती. काच मात्र नंतर कधीतरी बदललेली, साधी. विकणाऱ्या दादांना विचारलं, हा बोटीवरचा का? ते म्हणाले, "बोटीवरचा नाय, घरातला. आमची आजी भाकरी करताना चुलीवर टांगायची. वीज आल्यावर बोटीवर गेला, बोट मोडल्यावर इकडे आला."

या एका वाक्यात कंदिलाचं अख्खं आयुष्य आलं. त्यांना मी तेच पुन्हा सांगायला लावलं आणि शब्द न बदलता लिहून घेतलं.

मंगळवार, कणकवली

मंगळवार हा कणकवलीचा बाजाराचा दिवस. रेल्वेने उतरून पोचेपर्यंत ऊन चढलं होतं. काजूचे बोंडू, ओल्या काजूगराचे वाटे, सुकी मासळी, वेताच्या रोवळ्या, नवे कोयते. आम्ही सगळं ओलांडून कडेला गेलो.

एक आजोबा गोणपाटावर लोखंडी मापं ठेवून बसले होते. एकात एक बसणारी : शेर, मापटं, चिपटं, कोळवं. नवी पिढी ही नावं शिव्याशाप देताना किंवा म्हणींतच ऐकते, म्हणून हिशेब लिहून ठेवते. दोन कोळव्यांचं एक चिपटं, दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर, दोन शेरांची अडिसरी, दोन अडिसऱ्यांची पायली. प्रत्येक माप आधीच्याच्या बरोबर दुप्पट. ज्याला पाढे येत नाहीत तोही ओतून खात्री करून घेऊ शकेल. १९५६ च्या कायद्यानंतर देशात हळूहळू दशमान मापं आली आणि बाजारातून ही हद्दपार झाली, तरी घराच्या खळ्यात ती पुढे खूप वर्षं टिकली. धान्य विकायचं किलोने, पण घरात मोजायचं पायलीने.

आजोबांनी मावशीकडे पाहून विचारलं, "काकी, ह्यां घेऊन काय करतल्यात? आता कोण भात मापता? सगळा किलोर."

"नातवंडांका दाखवतलंय," मावशी म्हणाली. "खंयच्या घरातला ह्या?"

"माझ्या बापाशीचा हां. भात झोडून झाला काय खळ्यात बसान ह्याच शेरान मापी. पयलो शेर देवाक."

"कितक्याक?"

"चारांचे मिळान दोनशे देवा."

मावशीने अडीचशे दिले. घासाघीस करायला तिला चांगली येते, नव्या साडीच्या दुकानात मी ते पाहिलं आहे. पण बापाच्या हातची वस्तू विकणाऱ्याशी ती कधीच भाव करत नाही, आणि माझंही आता तेच ठरलं आहे. भंगाराच्या शेडमध्ये भाव करावा. गोणपाटावर बसलेल्या माणसाकडे करू नये.

त्या शेराच्या काठाला एका बाजूला खोलगट झीज आहे. भात भरल्यावर वरचं भात हाताने सपाट ओढून सारखं करायचं, तो हात नेहमी एकाच बाजूने गेला असणार. नकली जुन्या वस्तूला अशी झीज करता येत नाही. मालवणच्या किनाऱ्यावर पर्यटकांना विकायला ठेवलेली 'जहाजावरची' पितळी होकायंत्रं सगळीकडून सारखी काळी असतात, आणि त्यांच्यावरच्या पितळी खिट्यांना चुंबक लावला की टक्कन चिकटतो. पितळेला चुंबक लागत नाही. ज्याला पहिल्यांदा जुनं घ्यायचंय त्याने एवढं जरी लक्षात ठेवलं तरी पुष्कळ पैसे वाचतील : झीज कुठे आहे ते बघा, आणि चुंबक जवळ ठेवा.

बुधवार, कुडाळ

सकाळी आधी महामार्गालगतच्या जुन्या लाकडाच्या वखारीत गेलो. तिथे मन जड होतं. आढी, तुळया, वासे, खांब, चौकटी सगळं प्रकारवार रचलेलं. एकेका घराचा सांगाडा उतरवून इथे मांडलेला. खांबांवर अजून चुन्याचे डाग, एका चौकटीवर गणेशपट्टीत शेंदूर. फणसाचं लाकूड ओळखता येतं, सुरुवातीला पिवळं असतं आणि हातांनी, धुराने, वर्षांनी मधासारखं गडद होत जातं. सांधे लोखंडी खिळ्यांनी नव्हे, लाकडी खुंट्यांनी जोडलेले. वखारवाले भाऊ म्हणाले की माल मुख्यतः गोव्याकडे आणि रिसॉर्टवाल्यांकडे जातो. लाकूड घनफुटावर, दार चौकटीसकट नगावर. निदान कुणीतरी वापरतंय, असं मी स्वतःला समजावते. जळाऊ म्हणून भट्टीत गेलेल्या खांबांपेक्षा हे बरं.

एका कोपऱ्यात मंगलोरी कौलांची चळत होती. उलटं केलं की मागे इंग्रजीत बासेल मिशनचं नाव आणि १८६५ हे साल. भाऊंनी मोठ्या अभिमानाने सांगितलं की कौल १८६५ चं आहे. ते साल मंगळूरचा कारखाना सुरू झाल्याचं. कौल त्यानंतर कितीही वर्षांनी भाजलेलं असू शकतं. हे मी त्यांना सांगितलं तेव्हा ते नाराज झाले नाहीत, उलट आणखी चार कौलं उलटी करून दाखवली. एकावर कॉमनवेल्थ ट्रस्टचं नाव होतं. पहिल्या महायुद्धानंतर जर्मन-स्विस मिशनचे कारखाने इंग्रजांनी काढून घेऊन या कंपनीकडे दिले, म्हणजे ते कौल नक्की त्यानंतरचं. एका छपरावर दोन्ही सापडली होती. घरमालकाने एकदा घर शाकारलं, पुढे वाढवलं, आणि मधल्या काळात युरोपात एक महायुद्ध होऊन गेलं. कुडाळच्या वखारीत उन्हात उभं राहून हे कळतं तेव्हा अंगावर काटा येतो. दोन्ही प्रकारचं एकेक कौल घेतलं.

तिथेच एकाने हळूच विचारलं, देवाचा जुना मुखवटा हवा का? पितळी आहे, फोटो दाखवतो. मी नाही म्हणाले आणि फोटोही पाहिला नाही. यावर मला ठामपणे लिहायचं आहे. १९७२ च्या पुरावशेष कायद्यानुसार १०० वर्षांहून जुन्या मूर्ती-शिल्पांसारख्या वस्तू पुरावशेष ठरतात, हस्तलिखितांसाठी ही मर्यादा ७५ वर्षांची आहे, आणि अशा वस्तूंचा व्यापार परवान्याशिवाय करता येत नाही. कायदा बाजूला ठेवला तरी देवळातला मुखवटा कुणा एकाचा नसतो. तो गावाचा असतो, पालखीत बसतो, मानकऱ्यांच्या ताब्यात असतो. जो माणूस तो विकायला आणतो त्याच्याकडे तो कसा आला, हा प्रश्न विचारलाच पाहिजे. आपण घेतलं नाही तर दुसरा घेईल, हे म्हणणं मला मान्य नाही.

मग बाजार. बुधवारचा कुडाळचा बाजार मोठा, घामाचा आणि गोंगाटाचा. भांड्यांच्या एका दुकानात मालकीणबाईंनी आम्हाला मागच्या खोलीत जाऊ दिलं. मोडीत आलेली भांडी तिथे गोणींत होती. मावशी सरळ जमिनीवर बसली. एकेक भांडं उचलून ती बोटाच्या पेराने टिचकी मारी आणि कान देई. पितळेचा आवाज लवकर विरतो. ॲल्युमिनियमला आवाजच नसतो. एका काळ्याकुट्ट ताटाला तिने टिचकी मारली आणि तो नाद इतका वेळ चालला की मालकीणबाई बाहेरून डोकावल्या.

कासं. तांब्यात साधारण पाचव्या हिश्शाच्या आसपास कथील घातलं की हा धातू होतो, देवळातल्या घंटेच्या जातीचा. पडला तर पोचा न येता तडकतो, म्हणून काशाचं ताट जपूनच वापरलेलं असतं. इतकी वर्षं ते अखंड राहिलं याचा अर्थ घरातल्या बायकांनी ते तितकी वर्षं हातातून पडू दिलं नाही. चिंचेने घासल्यावर काठावर अक्षरं दिसायला लागली. 'कै. ... यांचे स्मरणार्थ'. मग बाईचं नाव, आणि शेवटी शके १८७१. शकात ७८ मिळवले की इसवी सन, म्हणजे १९४९. नवरा गेला, त्याच्या नावाने बायकोने ताटं वाटली असणार. जुन्या कासाराने छिन्नीने एकेक ठिपका ठोकत अक्षरं काढली आहेत. 'स्मरणार्थ'मधला रफार जागा न उरल्यामुळे वर काठापर्यंत गेला आहे. आता हे काम यंत्राच्या पेनाने मिनिटात होतं आणि अक्षर सगळीकडे सारखं येतं. त्या रफारात मात्र एका माणसाचा हात आहे.

मालकीणबाईंनी ताट वजनावर दिलं, काशाच्या मोडीच्या भावाने. कुठल्या घरातून आलं ते त्यांना सांगता येईना, गोणीत मिसळून आलं होतं. हकीकत नाही. माझ्या नियमाने सोडायला हवं होतं. मावशी म्हणाली, "अगो, हकीकत काठावर लिवलेली आसा. आणखी काय होया?" ताट घेतलं.

गुरुवार, सावंतवाडी

ताट, पेला आणि मावशीने मधेच घेतलेलं एक सतेलं. सतेल्याला कल्हई हवी होती. कल्हईशिवाय पितळेत आंबट शिजवलं, ताक ठेवलं की कळकतं. सावंतवाडीत विचारत विचारत कल्हईवाल्या मामांपर्यंत पोचलो. भाता, कोळसा, नवसागर, कथलाची कांडी. भांडं तापलं की नवसागराची चिमूट, पांढऱ्या धुराचा लोट, मग कथील टेकवायचं आणि कापसाच्या बोळ्याने एका झटक्यात आतून फिरवायचं. काळं पडलेलं सतेलं बघता बघता आतून चंदेरी झालं. मामांनी मुलगा हे काम शिकला नसल्याचं सांगितलं आणि पुढचं भांडं घेतलं.

दुपारी चितारआळी. इथली लाकडी फळं-भाज्यांची खेळणी सगळ्यांना माहीत आहेत, पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाची. नवी दुकानं रंगांनी उजळलेली. राजवाड्यात गंजिफा, म्हणजे हाताने रंगवलेल्या पत्त्यांचा जुना खेळ, रंगवताना बघायला मिळतो. दशावतारी गंजिफात दहा अवतारांची प्रत्येकी १२, अशी १२० गोल पानं. मरायला टेकलेली ही कला सावंतवाडीच्या भोसले राजघराण्याने पुन्हा उभी केली, याबद्दल त्यांचे आभार मानावेत तेवढे थोडे. जुना, वापरलेला डाव कुठे मिळेल का म्हणून विचारलं, मिळाला नाही.

पण एका घराच्या ओटीवर, विक्रीला ठेवलेल्या नव्या खेळण्यांच्या मागे, एका टोपलीत जुनी फळं होती. सीताफळ, केळ्याची फणी, एक मिरची. रंग उडालेले, लाकूड बाहेर आलेलं, सीताफळावर लहान मुलाच्या दातांच्या खुणा. काकू म्हणाल्या, "ही विकायची नाहीत, नमुन्याची आहेत. सासऱ्यांनी केलेली. नवा कारागीर आला की आधी हे सीताफळ हातात देतात, खवले असे यायला हवेत म्हणून." बाहेरच्या सगळ्या झगमगीत मालापेक्षा ते चावलेलं सीताफळ मोलाचं होतं. विकत मिळत नव्हतं याचा मला आनंदच झाला. हातात घेऊन पाहिलं, फोटो काढला, नव्यातली एक केळ्यांची फणी विकत घेतली.

शुक्रवार, वेंगुर्ले

वेंगुर्ले जुनं बंदर. डचांची वखार इथे होती, तिचे अवशेष अजून उभे आहेत. पुढच्या काळात मुंबईहून येणारी आगबोट इथे लागायची. म्हणजे इथल्या दुकानदारीला समुद्राची सवय.

बाजारातल्या एका रद्दीच्या दुकानात वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्याखाली लाल खारव्याच्या पाठीची लांबट वही दिसली. ओढून काढली. रोजकीर्द. किराणा दुकानाची, १९५६-५७ सालची. कागद पिवळा पडलेला पण शाई काळी कुळकुळीत. पहिल्या पानावर 'श्री', मग रोजचा जमाखर्च. मीठ, गूळ, घासलेट, विड्या, सुके बांगडे, काथ्या. मधे मधे 'आगबोट हमाली'.

रकमा जुन्या पद्धतीने मांडलेल्या. रुपयाच्या आकड्यापुढे एक उभी रेघ म्हणजे चार आणे, दोन म्हणजे आठ, तीन म्हणजे बारा. रुपयाचे १६ आणे, ६४ पैसे, १९२ पै. पानामागून पान याच रेघा, सराईत, न अडखळता. मग १ एप्रिल १९५७, सोमवार. त्या दिवशी देशात नवे पैसे सुरू झाले. त्या पानाच्या समासात दुकानदाराने एक तक्ता लिहून घेतला आहे : १ आणा ६, २ आणे १२, ३ आणे १९, ४ आणे २५. सरकारने ठरवलेलाच हिशेब तो. आणा म्हणजे खरं तर सव्वासहा नवे पैसे, पण पाव पैसा कुठून आणणार? म्हणून तीन आण्यांना १८ ऐवजी १९. त्या १९ खाली त्याने दोनदा रेघ मारली आहे. गिऱ्हाइकांशी तिथेच वाद होत असणार, मला दुसरं कारण सुचत नाही.

त्यापुढची पानं मी दुकानाच्या पायरीवर बसून वाचली, मावशीने शहाळं आणून दिलं ते तसंच हातात राहिलं. एप्रिलभर दोन्ही पद्धती शेजारी शेजारी आहेत. सकाळच्या नोंदी नव्या पैशांत, संध्याकाळी दमल्यावर पुन्हा उभ्या रेघा. मेमध्ये रेघा कमी होतात. जूनमध्ये फक्त आगबोटीच्या हमालीपुढे आणे उरतात, हमालांनी नवं नाणं मानलं नसेल. देशाचं चलन बदललं हे शाळेत एका ओळीत शिकलो होतो. ते बदलायला एका माणसाला किती दिवस लागले, कोणत्या वेळी त्याचा हात मागे वळला, हे या वहीत दिवसवार आहे. असल्या वह्या रद्दीत जातात याचं मला फार, फार दुःख होतं. भांडं वितळवलं तर निदान धातू उरतो.

दुकानदार तरुण होता. "ताई, वही तशीच घेवा," तो म्हणाला. "रद्दीचो भाव तो काय." आम्ही त्याला नीट पैसे दिले आणि विचारलं, अशा आणखी आहेत का? होत्या. घर उतरवताना दोन गठ्ठे आले होते, एक भजीवाल्याकडे गेला. दुसरा त्याच्या थोरल्या भावाच्या माळ्यावर अजून तसाच आहे.

मावशीने तिथल्या तिथे पाचशेची नोट त्याच्या हातात ठेवली आणि गठ्ठा पावसात भिजायला नको म्हणून प्लास्टिकमध्ये बांधून, वाळवीपासून दूर, लोखंडी पेटीत ठेवायला सांगितलं. पेटी नसेल तर आपण पाठवते म्हणाली. "चतुर्थेक येतो तेव्हा घेवन जातो. तोपर्यंत कोणाक देव नको हां, झिला."

त्याने मान डोलावली आणि आमच्यासमोरच भावाला फोन लावला. या वहीचे फोटो काढून झाले की ती वेंगुर्ल्याच्याच वाचनालयाला देण्याचा माझा विचार आहे. दुसऱ्या गठ्ठ्यात १९५८ निघालं तर दोन्ही एकत्रच देईन.